संगणकीय नोंदींचे स्वास्थ्यरक्षण

रुग्णपत्रिका कपाटातून संगणकात गेली, त्याला आता बराच काळ लोटला आहे. नाडी-जिव्हादी परीक्षणाच्या नोंदी, दिलेली औषधे व त्यांचे अनुपान, पुढील भेटीची तारीख, औषधालयातील खरेदी-विक्री, शिल्लक साठा, बॅच क्रमांक, कराची देयके हे सर्व आता बहुधा एकाच यंत्रात असते. या नोंदी जेथे व्यवस्थित रचून ठेवलेल्या असतात त्या माहितीसंचयाला डेटाबेस म्हणतात. मोठ्या रुग्णालयांत व बँकांत त्याची निगा राखण्यासाठी डेटाबेस प्रशासक हे स्वतंत्र पद असते. आपल्या चिकित्सालयांत व औषधी दुकानांत असे पद नसते. त्यामुळे ते काम कोणाचे, हा प्रश्न यंत्र बंद पडेपर्यंत कोणी विचारीत नाही.

हा विषय केवळ हिशेबाचा नाही. मधुमेही रुग्णाच्या नोंदीतील तेवढी एक ओळ नाहीशी झाली आणि त्याला साखरेच्या पाकातील अवलेह दिला गेला, तर त्याचा परिणाम रुग्णाच्या शरीरावर होतो. एखाद्या बॅचविषयी उत्पादकाची सूचना आली आणि ती कोणाला विकली हे सांगता आले नाही, तर दोष संगणकाला देऊन भागत नाही. म्हणून प्रशासकाच्या कौशल्यांपैकी जी प्रत्येक वैद्याला व औषधी विक्रेत्याला ठाऊक असावीत, त्यांचा येथे परिचय करून देत आहोत.

नाव ही ओळख नव्हे

आजचे बहुतेक डेटाबेस ज्या तत्त्वावर उभे आहेत ते तत्त्व एडगर कॉड या आयबीएममधील संशोधकाने १९७० साली मांडले. माहिती तक्त्यांत ठेवावी, प्रत्येक ओळीला एकमेव ओळखक्रमांक असावा आणि एक तक्ता दुसऱ्याशी त्या क्रमांकाने जोडावा, असे त्याचे सामान्य स्वरूप आहे. रुग्णांचा एक तक्ता, भेटींचा दुसरा, औषधांचा तिसरा. भेटीच्या तक्त्यात रुग्णाचे नाव-पत्ता पुन्हा लिहावयाचा नसतो, केवळ त्याचा क्रमांक लिहावयाचा असतो. त्यामुळे पत्ता बदलला तर एकाच ठिकाणी बदलावा लागतो आणि दोन ठिकाणी दोन पत्ते राहत नाहीत.

नावावर विसंबू नये, हे आयुर्वेदाच्या अभ्यासकाला वेगळे सांगावयास नको. ब्राह्मी या एकाच नावाने कोठे बकोपा मोनिएरी तर कोठे सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी, दिली जाते. संदिग्ध द्रव्यांचा हा वाद जुना आहे. संगणकाच्या दृष्टीने प्रत्येक नावच संदिग्ध असते. एकाच गावात एकाच नावाचे दोन रुग्ण असतात आणि एकच रुग्ण कधी वडिलांच्या, कधी पतीच्या नावाने नोंदला जातो. पहिल्या प्रकारात दोघांच्या नोंदी एकत्र होतात, दुसऱ्यात एकाच्या नोंदी विभागल्या जातात. दोन्ही प्रकार घातक आहेत. यासाठी पहिल्या भेटीत स्वतःचा नोंदणी क्रमांक द्यावा, जन्मवर्ष व दूरध्वनी क्रमांक ताडून पाहावा आणि रुग्णाकडे चौदा अंकी आभा क्रमांक असल्यास तोही स्वतंत्र स्तंभात नोंदवावा.

रोगनिदानाच्या बाबतीतही हेच म्हणावे लागेल. आयुष मंत्रालयाने २०१७ मध्ये नमस्ते या पोर्टलवर आयुर्वेदीय व्याधिनामांची सांकेतिक क्रमांकांसह प्रमाणित यादी उपलब्ध करून दिली आणि जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणातील पारंपरिक वैद्यकाचा दुसरा भाग प्रसिद्ध झाला. आमवात हे नाव प्रत्येकाने आपापल्या परीने लिहिण्याऐवजी त्याचा संकेतांक नोंदविला, तर वर्षअखेर अशा रुग्णांची संख्या क्षणात मिळते आणि दोन वैद्यांच्या नोंदींची तुलनाही करता येते.

लेखनातील सूक्ष्म भेद

मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. गंधक आणि गन्धक हे आपल्याला एकच शब्द वाटतात, संगणकाला ते भिन्न आहेत. त्रिफळा व त्रिफला, हिंग्वाष्टक व हिंगाष्टक, वसंतकुसुमाकर व वसंत कुसुमाकर यांचेही तसेच. कोणी परसवर्ण लिहितो, कोणी अनुस्वार. कोणी मध्ये जागा सोडतो, कोणी सोडीत नाही. परिणामी एकाच औषधाची शिल्लक तीन ठिकाणी विभागली जाते, आणि फडताळात चार बाटल्या असताना संगणक ‘साठा नाही’ असे सांगतो. यावर उपाय एकच: औषधांची नावे एकदा ठरवून एका तक्त्यात भरावीत, काउंटरवरील सहायकाने नाव टंकित न करता त्या यादीतून निवडावे, आणि नवीन नाव यादीत घालण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा.

जुन्या आज्ञावलींत मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टच्या आधारे साठविला जात असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्याच मजकुराच्या जागी निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. अशा नोंदी अद्याप असतील तर मूळ यंत्र चालू आहे तोवरच त्या युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्यात. रूपांतरानंतर जोडाक्षरे व रफार यांची दहा-वीस नोंदींत प्रत्यक्ष तपासणी करावी. युनिकोडच्या यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते आणि काना, मात्रा, अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. काही आज्ञावलींत स्तंभाची मर्यादा बाइटमध्ये मोजतात. इंग्रजी नावांसाठी आखलेल्या अशा स्तंभात ‘महायोगराज गुग्गुळ’ हे नाव अर्ध्यावरच तुटते.

मुदतीची तारीख हाही असाच विषय आहे. शार्ङ्गधराने चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनंतर हीन होते असे सांगितले, आसव मात्र जुने झाल्याने गुणयुक्त मानले. आजच्या औषधी नियमांतही कल्पनेनुसार मुदत वेगवेगळी ठरविलेली आहे. परंतु ही तारीख कोणी ‘मार्च २७’, कोणी ‘०३/२०२७’ अशी साध्या मजकुरासारखी भरली, तर संगणकाला ती तारीख म्हणून कळत नाही आणि मुदत संपत आलेल्या मालाची यादी चुकीची निघते. तारखेचा स्तंभ तारखेच्याच प्रकारचा असावा, आणि बॅच क्रमांकाशिवाय खरेदीची वा विक्रीची नोंद स्वीकारलीच जाऊ नये, असे बंधन आज्ञावलीत घालून घ्यावे.

रोजकीर्द आणि खतावणी

काउंटरवर दशमूलारिष्टाच्या दोन बाटल्या विकल्या. संगणकाने देयक लिहावयाचे, साठ्यातून दोन वजा करावयाचे आणि रक्कम जमा दाखवावयाची. देयक लिहून झाले आणि वीज गेली, तर काय व्हावे? चांगल्या डेटाबेसचे उत्तर असे की तिन्ही गोष्टी पूर्ण व्हाव्यात, अन्यथा एकही झालेली नसावी. अशा अविभाज्य गटाला व्यवहार म्हणतात. दोन सहायक एकाच वेळी शेवटची बाटली विकू लागले, तर एकाला क्षणभर थांबविणे हेही डेटाबेसचेच काम आहे.

हे साधते कसे, हे जुन्या दुकानदारांना चटकन समजेल. आपल्याकडे व्यवहार प्रथम रोजकीर्दीत लिहिला जाई, मग त्यावरून खतावणी होत असे. डेटाबेसही प्रथम एका क्रमवार नोंदवहीत बदल लिहितो आणि मग मुख्य तक्त्यांत उतरवितो. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना तो ही नोंदवही वाचतो, पूर्ण झालेले व्यवहार उतरवितो व अपुरे सोडून देतो. खतावणीचे पान फाटले तरी मागील शिल्लक आणि त्यानंतरची रोजकीर्द हाती असल्यास खतावणी पुन्हा तयार करता येते. त्याच न्यायाने रात्रीची प्रत आणि त्यानंतरची नोंदवही या दोहोंच्या आधारे दुपारी अडीचपर्यंतची स्थिती परत आणता येते. म्हणून ही नोंदवही निरुपयोगी समजून, जागा व्यापते या कारणास्तव कोणी काढून टाकू नये. यंत्राला यूपीएस जोडलेला असावा आणि वीज गेल्यावर तेवढ्या वेळात संगणक रीतसर बंद करावा.

प्रत आहे, पण ती उघडते काय?

३१ जानेवारी २०१७ रोजी घडलेली एक घटना या क्षेत्रातील सर्वांनी अभ्यासावी अशी आहे. गिटलॅब ही संगणक आज्ञावलींचे लेखन सांभाळणारी कंपनी. तिचा मुख्य डेटाबेस आणि त्याची जुळी प्रत अशी दोन यंत्रे होती. जुळी प्रत मागे पडत असल्याने ती पुसून नव्याने तयार करण्याचे काम एक अभियंता रात्री उशिरा करीत होता. पुसण्याची आज्ञा त्याने चुकून मुख्य यंत्रावर दिली. एक-दोन सेकंदांत चूक ध्यानात आली. तोपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार गिगाबाइट उरले होते.

तेव्हा प्रतींचा शोध सुरू झाला. रोजची प्रत ज्या ठिकाणी पाठविली जाते असे समजले जात होते, तेथे काहीच नव्हते. प्रत घेणारी आज्ञावली डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीची असल्याने ती दररोज अपयशी ठरत होती. अपयशाची सूचना ई-पत्राने जावयाची, ती पत्रे टपालव्यवस्थेकडून नाकारली जात होती. चकतीचे चित्र टिपणारी दुसरी व्यवस्था डेटाबेसच्या यंत्रांसाठी सुरूच केलेली नव्हती. चाचणीच्या कामासाठी सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत होती म्हणून बहुतेक माहिती वाचली. तरी त्या सहा तासांतील नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतानुसार सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० अभिप्राय व ७०० नव्या सदस्यांच्या नोंदींना त्याची झळ पोहोचली.

या प्रकरणात प्रती घेण्याच्या अनेक व्यवस्था कागदावर होत्या. परंतु घेतलेली प्रत उघडून पाहण्याचे काम कोणाकडेच सोपविलेले नव्हते. आमच्या मते डेटाबेस प्रशासकाचे सर्वांत महत्त्वाचे कौशल्य येथेच आहे. प्रत घेणे हे निम्मे काम झाले. ती दुसऱ्या यंत्रावर पुनःस्थापित करून, रुग्णसंख्या व कालचे शेवटचे देयक ताडून पाहिल्यावरच ते पूर्ण होते. एखाद्या कल्पाची सिद्धिलक्षणे पाहिल्याशिवाय आपण तो सिद्ध झाला असे म्हणत नाही, तसेच हे आहे.

प्रतीविषयी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आज्ञावली चालू असताना तिची फाइल तशीच उचलून पेनड्राइव्हवर घेतली, तर ती प्रत अर्धवट व विसंगत निघू शकते. प्रत घेण्याची डेटाबेसची स्वतःची सोय वापरावी. आजची प्रत कालच्या प्रतीवर लिहू नये. बिघाड तिसऱ्या दिवशी लक्षात आला तर तिन्ही दिवसांची एकच बिघडलेली प्रत हाती राहते. सात दिवसांच्या सात, चार आठवड्यांच्या चार आणि बारा महिन्यांच्या बारा प्रती ठेवणे लहान व्यवसायास सहज शक्य आहे. दोन चकत्यांवर एकाच वेळी लिहिणारी व्यवस्था ही प्रत नव्हे, कारण चुकून पुसलेली नोंद ती दोन्हीकडून इमानाने पुसते. आणि एक प्रत वास्तूबाहेर असावीच. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात जो महापूर आला, तसा पूर दुकानात शिरल्यावर संगणक आणि त्याच खणातील पेनड्राइव्ह यांत भेद करीत नाही.

एक प्रत संगणकापासून तोडलेलीही असावी. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला आणि नोंदणी, देयके, तपासणी अहवाल ही कामे कित्येक दिवस हाताने करावी लागली. असा विषाणू यंत्रास जोडलेल्या प्रतीही कुलूपबंद करतो. म्हणून प्रत घेऊन झाली की चकती काढून ठेवावी, आणि कोऱ्या रुग्णपत्रिकांचा एक गठ्ठा नेहमी हाताशी असू द्यावा.

अधिकार आणि दुरुस्ती

सर्वांनी एकच नाव व एकच परवलीचा शब्द वापरणे ही आपल्याकडील सर्वसाधारण रीत आहे. यात कोणी काय केले याचा माग राहत नाही. प्रत्येकास स्वतंत्र नाव द्यावे आणि कामापुरताच अधिकार द्यावा. काउंटरवरील सहायकास देयक करता यावे, रुग्णाची चिकित्सानोंद वाचता येऊ नये. नोंद पुसण्याचा अधिकार शक्यतो कोणासच नसावा. चुकीची नोंद रद्द अशी खूण करून तशीच ठेवावी आणि नवी लिहावी. नोकरी सोडून गेलेल्याचे नाव त्याच दिवशी बंद करावे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले त्याखालील नियम टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहितीचे वाजवी संरक्षण करणे आणि ती फुटल्यास कळविणे, ही कर्तव्ये त्यांत सांगितली आहेत. कायदा नसता तरी रुग्णाने सांगितलेले गुपित राखणे हा वैद्याचा धर्मच आहे.

घाऊक दुरुस्ती करताना विशेष सावध असावे. एका उत्पादकाच्या चूर्णांची किंमत बदलावयाची आहे. दुरुस्तीच्या आज्ञेत ‘कोणत्या ओळी’ ही अट राहून गेली, तर दुकानातील प्रत्येक औषधाची किंमत तीच होते आणि डेटाबेस कोणतीही तक्रार करीत नाही. अनुभवी प्रशासक प्रथम प्रत घेतो, मग तीच अट लावून केवळ ओळी पाहतो, त्या मोजतो, दुरुस्ती व्यवहाराच्या आत करतो, बदललेल्या ओळींची संख्या ताडतो आणि जुळली तरच कायम करतो. त्याआधी आपण चाचणीच्या यंत्रावर आहोत की मुख्य यंत्रावर, याची खात्री करतो. दोन्ही पडद्यांचे रंग वेगळे ठेवणे हा साधा पण उपयुक्त उपाय आहे. महिन्याअखेरीस, गर्दीच्या वेळी वा रात्री थकलेल्या अवस्थेत असे काम काढू नये.

दिनचर्या व ऋतुचर्या

स्वस्थाचे स्वास्थ्य राखणे हे आपल्या शास्त्राचे पहिले प्रयोजन, विकारांचे शमन त्यानंतरचे. डेटाबेसलाही ते लागू पडते. पुढील क्रम आम्ही सुचवितो.

दररोज: रात्रीची प्रत झाली काय, तिचा आकार कालच्याएवढा वा किंचित अधिक आहे काय, हे पाहावे. आकार एकाएकी शून्यावर वा निम्म्यावर आला तर ते पूर्वरूप समजावे. चकतीवर मोकळी जागा किती उरली, हेही पाहावे; चकती भरली की डेटाबेस नव्या नोंदी घेणे थांबवितो.

दर आठवड्यास: बाहेर ठेवावयाची प्रत बदलावी. फडताळातील पाच औषधे मोजून संगणकातील शिल्लकेशी ताडावीत. फरक आढळल्यास आकडा मुकाट्याने सुधारू नये, त्याचा हेतू शोधावा.

दर महिन्यास: एक प्रत दुसऱ्या संगणकावर पुनःस्थापित करून पाहावी आणि त्यास किती वेळ लागला ते वहीत लिहावे. अधिकारांची यादी तपासावी. एकाच दूरध्वनी क्रमांकाच्या वा एकाच नावाच्या दुहेरी नोंदी शोधाव्यात. त्या एकत्र करण्यापूर्वी वैद्याने स्वतः दोन्ही पत्रिका वाचाव्यात.

दर वर्षास: विक्रेत्याशी बोलून आज्ञावलीच्या सुरक्षाविषयक सुधारणा करून घ्याव्यात, यूपीएसची बॅटरी तपासावी, परवलीचे शब्द बदलावेत.

संगणक मंद चालतो ही तक्रार आली की नवे यंत्र घेण्याची घाई होते. कारण पुष्कळदा सूचीचा अभाव हे असते. निघंटूच्या शेवटी द्रव्यसूची नसेल तर एका वनस्पतीसाठी सर्व पाने चाळावी लागतात, तसेच डेटाबेस प्रत्येक शोधासाठी सर्व ओळी चाळतो. ज्या स्तंभावर वारंवार शोध होतो, जसे बॅच क्रमांक किंवा दूरध्वनी, त्यावर सूची करून घ्यावी. मात्र प्रत्येक नव्या नोंदीबरोबर सर्व सूच्याही लिहाव्या लागतात, म्हणून त्या गरजेपुरत्याच असाव्यात.

विक्रेत्यास विचारावयाचे

आज्ञावली विकत घेताना वा करार नव्याने करताना पाच प्रश्न विचारावेत. आमच्या सर्व नोंदी कोणत्याही वेळी साध्या, इतरत्र वाचता येईल अशा स्वरूपात बाहेर काढता येतील काय? प्रत कोठे, किती वेळाने घेतली जाते आणि ती आमच्यासमक्ष पुनःस्थापित करून दाखवाल काय? यंत्र बंद पडल्यास जास्तीत जास्त किती वेळाच्या नोंदी जातील? पुन्हा सुरू होण्यास किती वेळ लागेल? आणि मुख्य प्रशासकाचा परवलीचा शब्द आमच्याजवळ असेल काय? तो शब्द मोहोरबंद लिफाफ्यात घालून तिजोरीत ठेवावा. उत्तरे लेखी घ्यावीत. मोघम उत्तर आले तर करारास विलंब लागला तरी चालेल.

यांतील पुष्कळशा कामांना संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. एक वही, एक सुटी चकती आणि नियमितपणा एवढ्यावर त्यांचा आरंभ होतो. आपल्या चिकित्सालयात वा दुकानात हे काम कोणाचे, ते या आठवड्यात नावानिशी ठरवावे, आणि येत्या महिन्यात निदान एक प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी, एवढी आमची सर्व सभासदांस विनंती आहे.